डोमेन एकदा घेतले की कायमचे आपले? थोडा खुलासा

‘डोमेनचे (म्हणजे वेबसाइटच्या नावाचे) एकदा पैसे भरले की नाव आयुष्यभर आपले,’ असा मेसेज नाशिकच्या व्यापारी ग्रुपांवर अधूनमधून फिरतो. हातात बिल असते, त्यामुळे तसे वाटणे साहजिकच.

प्रत्यक्षात ती मुदतीची नोंदणी असते. डॉट कॉमची मूळ नोंदवही सांभाळते ती रजिस्ट्री, पैसे घेऊन तिच्यात नाव चढवतो तो रजिस्ट्रार आणि ज्याच्या नावे नोंद, तो रजिस्ट्रंट. हे अर्थ सगळीकडे एकच राहावेत म्हणून आरएफसी ९४९९ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात लिहून ठेवलेत. डॉट कॉमची नोंदणी एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांची. मुदत टळल्यावर रजिस्ट्रारने नाव काढले, तर ३० दिवस जादा पैसे भरून सोडवता येते. त्यानंतर साधारण ५ दिवसांत ते कुणालाही खुले.

खात्री करायची तर हूइज शोधात (डोमेनची नोंद दाखवणारी ऑनलाइन सोय) आपल्या दुकानाचे, पंचवटीतल्या लॉजचे डोमेन टाका आणि ‘एक्स्पायरी डेट’ची ओळ पाहा. नोंदणीधारकाचे नाव तिथे बहुतेकदा झाकलेले असते. ते रजिस्ट्रारच्या खात्यात दिसेल. खरी भानगड इथेच असते, असे माझे मत. वेबसाइट करून देणाऱ्याने स्वतःचेच नाव घातले असेल, तर मुदत संपायच्या आधी बदलून घ्या.