बुळकांडीच्या नावाखाली लपलेला रोग: शेळ्यांमधील पीपीआर ओळखण्यामागचा इतिहास

बाजारातून नवी शेळी आणली, चार-सहा दिवस गेले, आणि आधी एका, मग तीन-चार शेळ्यांनी चारा सोडला. अंग तापलेलं, डोळ्यांतून पाणी. नाकातून सुरुवातीला पातळ आणि मग पिवळा, चिकट शेंबूड. तो नाकपुड्यांवर वाळून खपली धरतो आणि शेळी तोंड उघडं ठेवून धापा टाकू लागते. ओठ उलटून पाहिला तर हिरड्यांवर कोंडा भुरभुरल्यासारखा पांढुरका थर दिसतो, त्याखाली जखमा. मग हगवण लागते. करडं आधी जातात.

आज हे पाहून कुठलाही पशुवैद्यक पीपीआर या शेळ्या-मेंढ्यांच्या विषाणूजन्य साथरोगाचा संशय घेईल. पण 1987 पर्यंत भारतात हे निदान होत नव्हतं. हगवण आणि तोंडातल्या जखमा ठळक असल्या की बुळकांडी, म्हणजे गाईबैलांची जुनी मरी (रिंडरपेस्ट) म्हणायचं. फुप्फुसं खराब झालेली असली की त्यात हमखास पाश्चुरेला जंतू सापडत आणि न्यूमोनिया म्हणून नोंद होई. ओठांवर खपल्या असल्या तर मावा, हा शेळ्यांच्या तोंडाला फोड आणणारा वेगळा रोग. यातलं प्रत्येक निदान वरवर पटण्याजोगं होतं. विषाणूने प्रतिकारशक्ती ढासळवली की पाश्चुरेला संधी साधतोच, त्यामुळे प्रयोगशाळेत सापडलेला जंतू खराच असे. मूळ कारण मात्र त्याच्या मागे राहून जाई.

या रोगाचं पहिलं वर्णन 1942 मधलं, पश्चिम आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्टचं. तिथे फ्रेंच पशुवैद्यकांच्या लक्षात आलं, की शेळ्या-मेंढ्या बुळकांडीसारख्याच लक्षणांनी मरताहेत, पण शेजारी बांधलेल्या गाईंना काही होत नाही. एवढ्या साध्या निरीक्षणातून ‘पेस्त दे पेती र्युमिनां’, म्हणजे लहान रवंथ करणाऱ्या जनावरांची मरी, हे नाव आलं. त्याचीच आद्याक्षरं पीपीआर. तरीही कित्येक वर्षं ही बुळकांडीच्याच विषाणूची शेळ्यांना सरावलेली जात मानली गेली. गिब्ज आणि सहकाऱ्यांनी 1979 मध्ये तो स्वतंत्र विषाणू असल्याचं मांडलं. बुळकांडी, माणसाचा गोवर आणि कुत्र्यांचा डिस्टेंपर ही त्याची भावंडं.

आपल्याकडे गोंधळ जास्त काळ टिकला, त्याला इथला इतिहासही कारण आहे. गुरांच्या रोगांवर संशोधनासाठी इंग्रज सरकारने 1889 मध्ये पुण्यात इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी सुरू केली. धोकादायक जंतू वस्तीपासून दूर असावेत म्हणून 1893 मध्ये ती कुमाऊंच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलवली. आजच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेचं मूळ तेच. 1920 च्या दशकात एडवर्ड्स यांनी तिथे बुळकांडीचा विषाणू एका शेळीतून दुसरीत असा पुन्हा पुन्हा वाढवत नेला. गाईबैलांसाठी तो सौम्य झाला आणि त्यातून लस मिळाली. पुढे लाखो गुरांना टोचलेली ही लस शेळीच्या अंगात वाढवलेलीच होती. बुळकांडीचा विषाणू शेळीत वाढतो, हे इथल्या पशुवैद्यकांना पाठ होतं. त्यामुळे तशाच लक्षणांनी शेळी मेली तर वेगळा विषाणू शोधायला हवा, असं कुणाच्या मनात येणार?

हाताशी असलेली तपासणीही मदतीला येत नव्हती. काचेच्या पट्टीवर अगारचा, म्हणजे जेलीसारख्या पदार्थाचा, पातळ थर ओतायचा, त्यात छोटी भोकं पाडायची. मधल्या भोकात बुळकांडीविरुद्धचं रक्तद्रव, भोवतीच्या भोकांत आजारी जनावराच्या ग्रंथींचा अर्क. दोन्ही अगारमधून एकमेकांकडे सरकतात आणि जिथे भेटतात तिथे दुसऱ्या दिवशी बारीक पांढरी रेघ उमटते. स्वस्त, सोपी, आडवळणाच्या प्रयोगशाळेतही जमणारी पद्धत. पण दोन्ही विषाणू इतके सारखे, की रेघ दोघांनाही उमटे. तपासणी चोख करूनही उत्तर ‘बुळकांडी’ असंच यायचं.

1987 मध्ये तमिळनाडूतल्या अरसूर गावी मेंढ्यांत साथ आली. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या एम. एस. शैला आणि सहकाऱ्यांनी तो विषाणू पीपीआरचा असल्याचं दाखवलं. 1989 मध्ये ते प्रसिद्ध झालं. काही वर्षं हा दक्षिणेपुरता रोग समजला गेला. 1994 पासून उत्तरेतूनही नोंदी येऊ लागल्या आणि त्या दशकात महाराष्ट्रातल्या शेळ्यांतही तो ओळखला गेला. विषाणू त्या वर्षांत किती पसरला आणि आपले डोळे किती उघडले, याची वाटणी करता येत नाही. माझा कल दुसऱ्याकडे आहे, कारण नेमक्या तपासण्या त्याच काळात हाती आल्या.

त्या तातडीने हव्या होत्या त्या शेळ्यांसाठी नव्हे, तर बुळकांडीसाठी. देशातली बुळकांडी संपत आली होती, शेवटचा रुग्ण 1995 मधला. पण शेळ्यांत ‘बुळकांडी’ची नोंद होत राहिली असती, तर देश रोगमुक्त झाला हे सिद्ध कसं करणार? शेळीपालकाचं नुकसान या कामाला पुरेसं कारण ठरायला हवं होतं, आणि ते तसं ठरलं नाही, हे मला आजही सलतं.

आधी आल्या जनुकीय प्रोब, म्हणजे एकाच विषाणूच्या जनुकाला चिकटणारे तुकडे. त्यांना किरणोत्सारी फॉस्फरसची खूण लावावी लागे. त्या फॉस्फरसची ताकद दोन आठवड्यांत निम्म्यावर येते, म्हणजे तालुक्याच्या दवाखान्याचा विषयच संपला. खरा बदल केला एकाच विषाणूला ओळखणाऱ्या मोनोक्लोनल प्रतिपिंडांनी (प्रतिपिंडं म्हणजे विषाणूला चिकटणारी रक्तातली प्रथिनं) आणि त्यांवर बेतलेल्या एलायझा या तपासणीने. ताटलीतल्या 96 खळग्यांत एकाच वेळी डझनावारी नमुने लावता येतात आणि रंगावरून निकाल कळतो. आरटी-पीसीआरही 1990 च्या दशकातच आली. पुढे मुक्तेश्वरलाच देशी एलायझा किट तयार झाले. हिमाचलमधल्या सुंगरी इथे 1996 मध्ये शेळीतून मिळवलेल्या विषाणूपासून लसही तिथेच बनली. बुळकांडीमुक्तीची मोहोर भारतावर 2006 मध्ये, जगावर 2011 मध्ये उमटली.

आता पीपीआरची पाळी आहे. 2030 पर्यंत तो जगातून संपवायचं उद्दिष्ट 2015 मध्ये ठरलं. एकच सीरोटाइप, म्हणजे एकच लस सगळीकडच्या विषाणूवर चालते, आणि लसीने मिळणारं दीर्घकाळ टिकणारं संरक्षण या जमेच्या बाजू. अडचण अशी, की सध्याच्या लसीनेही रक्तात तीच प्रतिपिंडं तयार होतात जी रोगाने होतात. लसीकरण झालेल्या कळपाचं रक्त तपासून तिथे विषाणू फिरतोय का, हे सांगता येत नाही. त्यासाठी आजारी जनावरात विषाणूच पकडावा लागतो.

आणि तो पकडायची वेळ थोडी असते. पालक दवाखान्यात आणतो ती बहुधा आडवी झालेली, हगवणीने खंगलेली शेळी. नमुना हवा असतो तिच्या शेजारच्या शेळीचा, जिला कालच ताप भरलाय आणि जिचे डोळे नुकते पाझरू लागलेत. नाका-डोळ्यांतल्या स्रावात विषाणू तेव्हा भरपूर असतो. उन्हात तो तग धरत नाही. म्हणून कापसाचा बोळा फिरवायचा, नळीत घालायचा, नळी बर्फात ठेवायची आणि त्याच दिवशी पुण्यात औंधच्या पशुरोग प्रयोगशाळेला पाठवायची. शेळी नुकती मेली असेल तर आतड्याजवळच्या लसिकाग्रंथी, प्लीहा आणि फुप्फुसाचा तुकडा, तोही बर्फातच.