सी अर्चिनची गाभोळी भरते कशी: होक्काइदोपासून दालियानपर्यंत

सी अर्चिन हा समुद्रतळावरचा काटेरी प्राणी. त्याच्या कवचात खाण्याजोगं असतं ते एवढंच: पाच जननग्रंथी, म्हणजेच गाभोळी. जपानमध्ये त्यांना ‘उनी’ म्हणतात. नर असो वा मादी, बाजारात दोन्ही चालतात. या ग्रंथीत अन्न साठवणाऱ्या पोषक पेशी असतात आणि बीजपेशीही. साठा पुरेपूर भरलेला आहे, पण अंडी आणि शुक्राणू अजून पिकलेले नाहीत, तेवढाच काळ गाभोळी घट्ट आणि गोड असते. बीजं पिकू लागली की पोषक पेशी रित्या होतात आणि गाभोळी पाणचट होऊन पाझरू लागते. हा मधला काळ गाठायचा कसा, यावरच हा धंदा उभा आहे.

१९९० च्या दशकात जपानच्या मागणीमुळे जगभर अर्चिन उपसले गेले. अमेरिकेच्या मेन राज्यात १९९३ साली सुमारे ४ कोटी पौंड हिरवे अर्चिन निघाले आणि नंतर ही मासेमारी कोसळली. अर्चिन गेल्यावर समुद्रशैवाल दाट वाढलं, त्यात खेकडे वस्तीला आले आणि नवी पिल्लं तग धरेनात.

जपानची अडचण अनेक ठिकाणी नेमकी उलटी होती. शैवाल संपून खडक उघडे पडले. त्याला तिथे ‘इसोयाके’ म्हणतात. अर्चिन पुष्कळ, पण पोटात काही नाही. गाभोळी किती भरली याचं मोजमाप सोपं आहे: गाभोळीचं वजन भागिले पूर्ण प्राण्याचं वजन, गुणिले १००. उपाशी अर्चिनमध्ये हा आकडा ५ च्या आत राहतो. चांगल्या मालात १५ ते २० भरतो. जुना उपाय म्हणजे हंगामाच्या काही महिने आधी उपाशी अर्चिन उचलून केल्प या मोठ्या समुद्रशैवालाच्या पट्ट्यात नेऊन सोडणं. प्रमाण चुकलं तर तो पट्टाही फस्त होतो.

नंतर बीजोत्पादन केंद्रं आली. जपानच्या उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावर एझो-बाफुन जातीच्या अर्चिनची कोट्यवधी पिल्लं दरवर्षी समुद्रात सोडली जातात. पद्धत अशी: पिकलेल्या प्राण्याला पोटॅशियम क्लोराइडचं ०.५ मोलर द्रावण टोचलं की तो बीजं सोडतो. अंडी गाळून धुवायची, शुक्राणू मात्र अगदी पातळ करून घालायचे. जास्त झाले तर एका अंड्यात अनेक शिरतात आणि भ्रूण बिघडतो. अळ्यांना कीटोसेरॉस हे सूक्ष्मशैवाल देतात. सुमारे तीन आठवड्यांनी त्या आठ हातांच्या अवस्थेला येतात आणि उल्व्हेला शैवाल वाढवलेल्या नालीदार पत्र्यांवर बसतात. पत्र्यावर हा थर नीट नसेल तर अळीचं पिल्लात रूपांतर अडतं आणि सगळी मेहनत टाकीतच वाया जाते. पिल्लं १५ ते २० मिमीची झाली की सोडतात. गर्दी झाली किंवा पाणी तापलं की जिवाणूंचा रोग येऊन काटे गळतात.

खाद्याची गोष्ट वेगळी वळली. प्रथिनं भरपूर असलेल्या गोळ्यांनी गाभोळी दोन-तीन महिन्यांत फुगते, पण रंग फिका आणि चव कडवट. गाभोळीचा गोडवा ग्लायसिन आणि अ‍ॅलानिन या अमिनो आम्लांचा, तर कडवटपणा व्हॅलिनसारख्यांचा. खाद्य बदललं की त्यांचं प्रमाणही बदलतं. पिवळा-नारिंगी रंग एकिनेनोन या रंगद्रव्यामुळे येतो. अर्चिन तो बीटा-कॅरोटीनपासून बनवतो, म्हणून कोळंबी-सामनला चालणारं अ‍ॅस्टाझँथिन हे रंगद्रव्य इथे उपयोगी पडत नाही. डुनालिएला शैवालातलं कॅरोटीन चांगलं लागू पडतं. अर्चिन सावकाश कुरतडतो, म्हणून गोळी पाण्यात दिवस-दोन दिवस विरघळता कामा नये. त्यासाठी अल्जिनेट किंवा जिलेटिनचा बंध लागतो. शेवटचे काही आठवडे केल्प दिलं तर चव सुधारते. कानागावा प्रांताच्या मत्स्य तंत्रज्ञान केंद्राने मिउरा भागातल्या टाकाऊ कोबीवर मुरासाकी जातीचे अर्चिन पोसून दाखवले. उपाशी, निरुपयोगी अर्चिन आणि शेतातला वाया जाणारा कोबी यांतून विकण्याजोगा माल निघाला, हे मला या साऱ्या इतिहासातलं सर्वांत शहाणं पाऊल वाटतं.

पैदाशीचा अवघड भाग चीनमध्ये पुढे गेला. १९८९ साली जपानहून एझो-बाफुन दालियानला आणला गेला आणि त्याची शेती उभी राहिली. पण उत्तम गाभोळीचे पालक निवडायचे कसे? गाभोळी पाहायची तर प्राणी फोडावा लागतो, आणि फोडलेला प्राणी पैदाशीला उरत नाही. म्हणून कुटुंबनिहाय निवड करतात: प्रत्येक कुटुंबातली काही भावंडं फोडून मोजायची आणि सरस ठरलेल्या कुटुंबातल्या जिवंत भावंडांना पालक करायचं. कवचाचा व्यास आणि वजन जिवंतपणीच मोजता येतं, पण मोठं कवच म्हणजे भरलेली गाभोळी असं नाही. रंगाची निवड करताना सगळ्या कुटुंबांना एकच खाद्य द्यावं लागतं, नाहीतर आपण रक्तातल्या गुणाऐवजी खाद्यच निवडत बसतो. मोजक्याच पालकांवर पिढ्या काढल्या तर आंतरप्रजननाने वाढ खुंटते, म्हणून दर पिढीला पुरेसे पालक घेऊन वंशावळीची नोंद ठेवणं भाग आहे. ही जात थंड पाण्यातली. दालियानच्या उन्हाळ्यात पाणी २३ अंशांच्या वर गेलं की मर वाढते, त्यामुळे तिथल्या निवडीत गाभोळीइतकाच भर उष्णता सोसण्यावरही द्यावा लागला.