रुस्का

रुस्का म्हणजे फिनलंडमधला पानं रंगायचा सीझन, आणि तो बघायला रानात जाणं, शेकोटीपाशी बसणं, खाणंपिणं हे सगळं त्याच शब्दात आलं. लॅपलंडमध्ये, म्हणजे देशाच्या उत्तर टोकाला, साधारण सप्टेंबरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात रुस्का भरात येतो, मग रंग दक्षिणेकडे सरकत सरकत हेलसिंकीपर्यंत पोचायला ऑक्टोबर उजाडतो. एका जागी म्हणाल तर जेमतेम दोन आठवडे, आणि मधेच जोराचा वारा सुटला तर तेवढेही नाहीत, त्यामुळे तिकिटं आधी काढून ठेवणाऱ्यांचं नशीब हाही यातला एक भागच.

सगळा खेळ दिवस लहान होण्याचा. सप्टेंबरच्या शेवटी हेलसिंकीत दिवस रोज साडेपाच मिनिटांनी घटतो, लॅपलंडात सात-आठ मिनिटांनी, म्हणजे आठवड्यात जवळजवळ एक तास गायब. मग झाड आवराआवर सुरू करतं: पानातलं हरितद्रव्य मोडतं, नायट्रोजन-फॉस्फरस असा कामाचा ऐवज खोडामुळांत ओढून घेतला जातो आणि हिरव्याखाली आधीपासूनच असलेला पिवळा उघडा पडतो. लाल मात्र नव्याने तयार होतो, पानातल्या साखरेच्या जोरावर, त्याला अँथोसायनिन म्हणतात. दिवसा लख्ख ऊन आणि रात्री गारठा, पण पानं करपतील इतका नाही, असं जमलं की त्या वर्षीचा लाल बघण्यासारखा.

नवखे लोक झाडांचे फोटो काढत बसतात, पण लॅपलंडात खरा रंग पायाखाली असतो. वर बर्च पिवळा होतो (आपल्या भूर्जपत्राच्या झाडाचाच भाऊबंद), आणि खाली गुडघाभर उंचीचा ठेंगणा बर्च, बिलबेरीची झुडपं, अस्वलबेरीची पानं असं सगळं किरमिजी-केशरी होऊन टेकडीच्या टेकडी पेटल्यासारखी दिसते. याला फिनिशमध्ये जमिनीचा रुस्का असं वेगळं नावच आहे, मारुस्का. त्यासाठी लोक पाल्लास-इल्लासतुन्तुरी नॅशनल पार्कात जातात, तिथला हेत्ता ते पाल्लास हा ५५ किलोमीटरचा ट्रेक प्रसिद्ध आहे. कूसामोजवळचा कार्हुन्किएर्रोस, म्हणजे अस्वलाचा फेरा, ८२ किलोमीटरचा, तो पाय मजबूत असतील तरच. एवढं नको असेल तर हेलसिंकीच्या शेजारी एस्पोमध्ये नुक्सिओ आहे, सिटी बसने जाऊन संध्याकाळी घरी परत.

जमीन कोणाचीही असो, रानातून चालायला, बेरी आणि मश्रूम वेचायला, एखाद-दोन रात्री तंबू ठोकायला परवानगी लागत नाही, फक्त कोणाच्या अंगणात किंवा उभ्या पिकात घुसायचं नाही. आग पेटवणं मात्र या हक्कात बसत नाही, त्याला जमीनमालकाची परवानगी हवी. नॅशनल पार्कात ठरलेल्या जागा असतात, बहुतेक ठिकाणी लाकडंही सरकारी खर्चाने रचून ठेवलेली, आणि शेजारी लावू म्हणजे तीन बाजूंनी बंद आणि समोरून उघडा असा लाकडी आडोसा. वणव्याचा इशारा लागू असला की तिथेही उघडी आग बंद. अंगात भडक केशरी जाकीट किंवा टोपी असलेली बरी, कारण हाच एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीचा सीझन आहे. आणि दक्षिणेकडे गेलात तर हिर्विकार्पानेन नावाच्या चपट्या माशीची तयारी ठेवा, ती अंगावर बसली की स्वतःचे पंख टाकून देते आणि केसांत शिरते, चिरडायला गेलात तर चिरडतही नाही. माहितीपत्रकात हिचा फोटो कधी नसतो.

रुस्कात बघणं कमी आणि बसणं जास्त. चार-पाच डिग्रीच्या हवेत दोन तास चाललं की लावूपाशी टेकायचं, काजळीने काळीठिक्कर झालेली किटली जाळावर टांगायची, पाणी उकळलं की जाडसर दळलेली कॉफी थेट त्यातच टाकायची, फेस वर आला की बाजूला घ्यायची आणि गाळ खाली बसेपर्यंत गप्प बसायचं, गाळणी वगैरे काही नाही. मग ती कुक्सामध्ये ओतायची, म्हणजे बर्चच्या गाठीतून कोरलेला लाकडी कप, तो साबणाने कधी धुवत नाहीत. सोबत कोर्वापूस्ती. या दालचिनीच्या पावाचं नाव शब्दशः कानाखाली वाजवलेली असं आहे! पिठाच्या गुंडाळीचे तिरके तुकडे कापून मधोमध बोटाने दाबतात, दोन्ही बाजू कानासारख्या फुगून वर येतात, वरून जाड साखरेचे दाणे. निखाऱ्यांच्या कडेला फॉइलमध्ये दोन मिनिटं ठेवला की आतलं लोणी आणि साखर वितळते आणि अख्ख्या लावूला वास येतो, आणि आपल्या नाकाला तो ओळखीचा वाटतो, कारण पिठात भरडलेली वेलची असते.

दालचिनी आणि वेलची दोन्ही तिथे उगवत नाहीत. वेलची मूळची आपल्या पश्चिम घाटातली, खालच्या बाजूच्या केरळातली म्हणा, आता सगळ्यात जास्त पीक ग्वाटेमालात निघतं. वायकिंगांनी ती कॉन्स्टँटिनोपलहून आणली अशी एक गोष्ट सांगतात, ऐकायला छान आहे पण तिच्यावर भिस्त ठेवू नये. आपण वेलची खिरीत, श्रीखंडात, कोजागिरीच्या आटवलेल्या दुधात चिमूटभर घालतो, आणि ही मंडळी पावाच्या पिठात चमच्याने घालतात.

तिकडच्या मराठी घरांतून नुक्सिओला निघताना सॅकमध्ये डिंकाचे लाडू, आलेपाक, सुंठ घातलेली गुळपापडी असलं काही ना काही असतंच. आलेपाक थंडीत उत्तम टिकतो, खिशातून काढा आणि चघळत चला. लाडवाचं तसं नाही, तूप थिजून त्याचा दगड होतो, दातांची परीक्षा घेण्यापेक्षा डबा शेकोटीच्या उबेला ठेवून थोडा वेळ कळ काढावी.

कोर्वापूस्तीचा खास दिवसही असतो, ४ ऑक्टोबर. शेजारी स्वीडनने १९९९ मध्ये आपल्या दालचिनी पावाचा दिवस सुरू केला, फिनलंडमध्येही तीच तारीख पाळतात. तोवर लॅपलंडातली बहुतेक पानं जमिनीवर आलेली असतात आणि हेलसिंकीत मेपल नुकते कुठे रंगात येत असतात.