उजेड अंगावर पडतो, पण परत जातो का?

रात्री रस्त्याने पायी जाणाऱ्याची एक पक्की समजूत असते: गाडीचा उजेड माझ्या अंगावर पडतोय, म्हणजे ड्रायव्हरला मी दिसतोय. ही समजूत चुकीची आहे, आणि आपल्या विदर्भातल्या खेड्यापाड्यांत ती जिवावर बेतते. थ्री फेज लाईन रात्रीची असली की माणूस सायकल काढून वावरात मोटर चालू करायला निघतो. रोही (नीलगायी) आणि रानडुकरं पीक खातात म्हणून कुणी जागलीला जातो. पहाटे शेगावच्या वाटेने पायी दिंड्या चालतात, हंगामात कापसाच्या बंड्या (बैलगाड्या) असतात. रस्त्यावर दिव्याचे खांब नाहीत, कडेला फुटपाथ नाही. डांबराची एकच पट्टी सगळ्यांनी वापरायची.

आधी ड्रायव्हरचा हिशेब. ताशी 60 किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ 17 मीटर. समोर काहीतरी आहे हे कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला, तर 25 मीटर तिथेच संपले. मग कोरड्या, चांगल्या डांबरावर गाडी थांबायला आणखी 20. एकूण 45 मीटर. ताशी 80 ला हाच आकडा 70 च्या घरात जातो, कारण ब्रेक लागल्यानंतरचं अंतर वेगाच्या वर्गाने वाढतं. आणि डिपरच्या उजेडात गडद कपड्यातला माणूस कित्येकदा 30 मीटरवर आल्यावरच ओळखू येतो. म्हणजे 60 ने चाललेला शुद्धीतला, सावध ड्रायव्हरही वेळेत थांबू शकत नाही. 40 वाल्याला 26 मीटर पुरतात. दिव्यात जेवढा रस्ता दिसतो तेवढ्यात थांबता येईल इतकाच वेग ठेवावा, आणि समोरच्या अप्परने डोळे दिपले तर वेग लगेच कमी करावा. डोळे पुन्हा अंधाराला सरावायला वेळ लागतो आणि तेवढ्यात गाडी कितीतरी पुढे गेलेली असते.

आता सायकलच्या मागच्या मडगार्डवरचा लाल रिफ्लेक्टर बघा. मला ही वस्तू अतिशय आवडते. कापड उजेड सगळीकडे विखुरतं, ड्रायव्हरच्या वाट्याला त्यातला कणभर येतो. आरसा उजेड परतवतो, पण भलत्याच दिशेला. म्हणूनच बंडीला बांधलेली जुनी सीडी क्वचितच कामाला येते. रिफ्लेक्टर मात्र उजेड जिथून आला तिथेच परत पाठवतो, तो थोडा तिरपा असला तरी. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला बारीक बारीक कोपरे असतात, एकमेकांशी काटकोनात असलेल्या तीन पृष्ठांचे. खोलीच्या कोपऱ्यात, जिथे दोन भिंती आणि जमीन मिळते, तिथे चेंडू फेकल्यासारखं होतं. एका भिंतीवर आपटून त्याची डावी-उजवी दिशा उलटते, दुसरीवर पुढची-मागची, जमिनीवर वरची-खालची. तिन्ही उलटल्या, की चेंडू आल्या वाटेला समांतर माघारी येतो. प्रकाशकिरणाचंही तेच. 1969 मध्ये अपोलो 11 च्या अंतराळवीरांनी असेच 100 कोपरे चंद्रावर ठेवले. पृथ्वीवरून सोडलेला लेझर आजही तिथून परत येतो, आणि त्यातून कळतं की चंद्र वर्षाला सुमारे 3.8 सेंटिमीटर लांब जातोय.

यात एक गंमत आहे. किरण अगदी अचूक परतला तर तो हेडलाईटमध्येच शिरेल, डोळ्यात येणार नाही! डोळा दिव्यापेक्षा अर्धा-पाऊण मीटर वर असतो. 100 मीटरवरून हा कोन अर्ध्या अंशाहूनही कमी भरतो. म्हणून चांगला रिफ्लेक्टर परतीचा उजेड मुद्दाम एका अरुंद शंकूत पसरवतो. ट्रकचा ड्रायव्हर दिव्यापासून जास्त उंच बसतो, त्यामुळे त्याला तोच रिफ्लेक्टर मंद दिसतो. घरी करून पाहा: टॉर्च कानशिलाला लावून लांबच्या रिफ्लेक्टरवर मारा, तो पेटल्यासारखा दिसेल. मग टॉर्च कमरेशी न्या. चमक झरझर उतरेल.

गाईगुरांच्या, रोहीच्या, बिबट्याच्या डोळ्यांतही दृष्टिपटलामागे उजेड परतवणारा थर असतो. नाल्याच्या वळणावर दोन हिरवे डोळे दिसले की चकव्याच्या गोष्टी सुरू होतात; तिथे बहुधा एखादं जनावर उभं असतं, आणि ब्रेक दाबायला तेवढं कारण पुरेसं आहे. बंपरला लिंबू-मिरची बांधणाऱ्यांनी त्याआधी मागचा धुळकट रिफ्लेक्टर फडक्याने पुसावा.

नव्या सायकलींना रिफ्लेक्टर असलेच पाहिजेत, असा केंद्र सरकारचा 2020 चा आदेश आहे. पायी माणसासाठी असा आदेश नाही, त्याने चमकपट्टी स्वतःच लावायची. ती छातीपेक्षा घोट्यांवर बांधावी. गुन्नार योहानसन या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने 1973 मध्ये दाखवलं की अंधारात फक्त सांध्यांवरचे हलते ठिपके दिसले तरी आपण क्षणात ओळखतो, हा माणूस चालतोय. छातीवरचा स्थिर ठिपका मैलाचा दगडही वाटू शकतो. बंडीला पट्टी लावताना कापूस मागे किती लोंबतो ते आधी पाहावं. वरच्या फळीवर लावली तर माल भरल्यावर ती झाकली जाते, म्हणून खाली, चाकांच्या जवळ, दोन्ही टोकांना लावावी. दोन पट्ट्या असल्या की मागून येणाऱ्याला बंडीची रुंदीही कळते.