कासवाचं पिल्लू वाढवून सोडायचंय? अर्ज लिहिण्याआधी हे वाचा

‘कासवाचे पिल्लू सापडले आहे. मोठे करून तलावात सोडण्याची परवानगी मिळावी, ही नम्र विनंती.’ या मजकुराचे इतके अर्ज पाहिलेत की आता पहिल्या ओळीवरूनच पुढचं कळतं. अर्ज नामंजूर होतो, माणूस चिडतो, आणि तोवर बादलीतलं पिल्लू मलूल झालेलं असतं. वनखात्यावर रागवायला कारणं पुष्कळ आहेत, पण इथे गोची वेगळीच आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मध्ये ‘घरी वाढवून सोडण्याचा परवाना’ असा प्रकारच नाही. नसलेल्या खिडकीपुढे कितीही रांग लावली तरी काय मिळणार?

आपल्याकडे सहसा सापडणारी कासवं, म्हणजे विहिरी-ओढ्यातलं मऊ पाठीचं फ्लॅपशेल, माळरानावरचं स्टार कासव आणि किनाऱ्यावर अंडी घालणारं ऑलिव्ह रिडले, ही सगळी अनुसूची १ मधली आहेत. वाघ आहे त्याच यादीत. पकडणं, अंडी उचलणं, घरट्याला धक्का लावणं हे सगळं कायद्याच्या भाषेत ‘शिकार’ ठरतं. शिक्षा किमान तीन वर्षं, कमाल सात, वर दंड.

आता सगळ्यात जास्त घोटाळा होतो ते कलम ३९. त्यातला ‘४८ तास’ हा शब्द लोकांनी कुठून तरी ऐकलेला असतो आणि अर्थ लावलेला असतो, की दोन दिवस ठेवायला हरकत नाही. तशी सूट कुठेही दिलेली नाही. असा प्राणी सरकारी मालमत्ता आहे. तो कोणत्याही कारणाने तुमच्या हातात आला तर ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा अधिकृत वनाधिकाऱ्याला कळवायचं, आणि त्यांनी मागितला की द्यायचा. घड्याळ सुरू होतं ते पिल्लू हातात आल्यापासून. शनिवारी सापडलं आणि ‘सोमवारी ऑफिस उघडलं की जाऊ’ म्हणालात, तर मुदत बहुतेक वाटेतच संपते. वनखात्याची हेल्पलाइन आहे, १९२६. फोन करा, वेळ टिपून ठेवा.

त्याच कलमात पुढे लेखी पूर्वपरवानगीशिवाय ताब्यात ठेवू नये, असंही आहे. त्यातला ‘पूर्व’ कुणी वाचत नाही. पिल्लू टबात ठेवून नंतर मागितलेली परवानगी पूर्व कशी होईल?

काही जण सोबत स्टॅम्प पेपरवर प्रतिज्ञापत्र करून आणतात: ‘गेले तीन महिने स्वखर्चाने सांभाळ करीत आहे, विकणार नाही.’ भाबडेपणाने केलेलं असतं, पण हा स्वतःच्या सहीने दिलेला कबुलीजबाब आहे. कृपा करून असलं काही टाइप करून घेण्याआधी एखाद्या जाणत्याला विचारा.

कागद लागतो तो वेगळाच, आणि नेमका तोच कुणाकडे नसतो: कुठे सापडलं याची नोंद. ‘नदीजवळ’ हे उत्तर चालत नाही. फोनवर लोकेशन सुरू ठेवून जागेचाच फोटो काढा, तारीख-वेळ लिहा, गाव आणि जवळची खूण लिहा. पिल्लू परत सोडायचं तर ते त्याच्याच पाणवठ्यावर सोडलेलं बरं, आणि ही नोंद नसेल तर खात्यालाही काही ठरवता येत नाही. पिल्लू देताना पोच मागा. वनरक्षक ‘कशाला कागद, ठेवून जा’ म्हणेल. तरी तारीख-सहीची पोच घ्या. उद्या प्रश्न निघाला तर तो चिटोराच तुमची बाजू मांडेल.

अर्जात हमखास दिसणारं एक वाक्य: ‘आई सोडून गेली आहे.’ अहो, कासवाची आई अंडी पुरून जाते ती जातेच. पिल्लू अंड्यातून निघतं तेच स्वतःच्या पायावर. रिकाम्या रस्त्यावर एकटं चालणारं निरोगी पिल्लू अनाथ नसतं. जखम, फुटलेली पाठ, जाळ्यात अडकलेले पाय असतील तर गोष्ट वेगळी; ते डॉक्टरचं काम आहे, आणि समुद्री कासवांसाठी डहाणूला उपचार केंद्र आहे. किनाऱ्यावरची पिल्लं तर ‘मोठी करून’ सोडायचीच नसतात. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास गावी २००२ पासून चालत आलेली पद्धत साधी आहे: अंडी संरक्षित हॅचरीत, म्हणजे किनाऱ्यावरच कुंपण घातलेल्या जागेत, हलवायची, पन्नासेक दिवसांनी पिल्लं निघाली की समुद्राकडे जाऊ द्यायची. पिल्लाच्या अंगात थोडा पिवळा बलक शिल्लक असतो, पहिल्या पोहण्याची शिदोरी तीच. बादलीत फेऱ्या मारण्यातच ती संपते. पिल्लं दिसली तर गावातल्या कासवमित्राला, म्हणजे कासवांची घरटी राखणाऱ्या माणसाला, बोलवा, टॉर्च बंद ठेवा, कुत्री हाकला, बस.

हे काम खरोखर करायचंच असेल तर संस्थेमार्फत करा. शिक्षण, संशोधन किंवा शास्त्रीय व्यवस्थापनासाठी कलम १२ खाली मुख्य वन्यजीव रक्षक परवाना देतात. अनुसूची १ साठी आधी केंद्र सरकारची मंजुरी लागते. प्रस्ताव उपवनसंरक्षकांमार्फत पाठवा. थेट नागपूरला, मुख्य वन्यजीव रक्षकांच्या कार्यालयात, पाठवलेला कागद अभिप्रायासाठी खालीच येतो आणि महिने जातात. जात, संख्या, जागा, कालावधी, कोण हाताळणार आणि शेवटी कुठे सोडणार, हे नेमकं लिहा. ‘जनजागृती’ हा हेतू लिहून भागत नाही. प्राणी ठेवणारं केंद्र काढायचं असेल तर केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची मान्यता हवी, कारण बचाव केंद्रही ‘प्राणिसंग्रहालय’ याच व्याख्येत बसतं.

केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर पाळीव प्राण्यांची नोंदणी करतात ना, तिथे स्टार कासव टाकू का, हेही विचारतात. नका टाकू. ती सोय परदेशी प्रजातींसाठी आहे, देशी कासव तिथे नोंदवून कायदेशीर होत नाही.

आणि आधीच महिनाभर घरात असलेलं? गुपचूप जवळच्या तळ्यात सोडू नका. घरातला आजार तिथल्या कासवांना लागू शकतो. १९२६ ला फोन करा, सापडल्याची खरी तारीख सांगा, आणि न्यायला माणूस येईपर्यंत पिल्लाला सावलीत, कोरड्या खोक्यात ओल्या कापडावर ठेवा.