डॅशबोर्डमागचा पाऊस

गेल्या जूनमधल्या एका रविवारी सकाळी शेजारचे काका दारात उभे होते. हातात गाडीतलं फ्लोअर मॅट, आणि त्यातून पाणी ठिबकत होतं. गाडी एप्रिल-मे असे दोन महिने सोलापूरला त्यांच्या मोठ्या भावाकडे होती. तिथे रोज एसी लावून फिरली, पण आत एक थेंब आला नाही. ठाण्यात परत आली आणि दुसऱ्याच दिवशी घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये, मानपाड्याजवळ, काकूंच्या चपला भिजल्या. काकू पुढे डावीकडे बसतात.

गॅरेजवाल्याने पाच मिनिटांत निकाल दिला होता. "कूलिंग कॉइल फुटलीय. डॅश खोलावा लागेल. 18,000 रुपये." काकांच्या साडूंचं म्हणणं, गाडी अमावस्येला घाट उतरली, बंपरला लिंबू-मिरची बांधा. मी काकांना एवढंच विचारलं, "एसी गार करतोय का?" ते म्हणाले, "कडक! बोटं गोठतात." तिथेच कॉइल फुटल्याची गोष्ट संपली होती.

जिच्यावरून जाताना केबिनची हवा गार होते त्या कूलिंग कॉइलमध्ये पाणी नसतंच. तिच्यात रेफ्रिजरंट असतो, म्हणजे गॅरेजच्या भाषेत 'गॅस'. बऱ्याच गाड्यांमध्ये तो आर-134ए असतो, अलीकडच्या काहींमध्ये आर-1234वायएफ. साध्या हवेच्या दाबाला आर-134ए उणे 26 अंश सेल्सियसला उकळतो. कॉइलला भोक पडलं तर तो तिथल्या तिथे वायू होऊन निघून जाईल, त्याचं डबकं होणार नाही. आणि तो गेला की गारवाही जाईल. पायाशी पाणी आहे आणि एसी उत्तम गार करतोय, या दोन गोष्टी एकत्र दिसल्या तर कॉइलवर संशय घेण्याचं कारणच उरत नाही. लिंबू-मिरचीवाल्यांनाही माझं हेच सांगणं आहे. पाणी हा पदार्थ आहे, तो कुठून तरी येतो आणि कुठे तरी जातो. त्या दोन जागा शोधल्या की प्रश्न सुटतो आणि भीतीही जाते.

आता मला मनापासून आवडणारा भाग.

एसी लोकलमधून ठाणे स्टेशनला उतरलात आणि चष्मा असेल, तर काच क्षणात धुरकट होते. काच गार असते, प्लॅटफॉर्मवरची हवा दमट. आपण म्हणतो, गार हवेत बाष्प मावत नाही म्हणून ते पाणी होऊन काचेवर बसतं. शाळेत असंच शिकवतात आणि आकडेमोडीला ते पुरतं. पण हवा ही काही बाष्प भरून ठेवायची पिशवी नव्हे. जॉन डाल्टनने 1801च्या सुमारास दाखवून दिलं की बंद जागेत बाष्पाचा दाब किती चढेल हे तापमानावर ठरतं. सोबत हवा असो वा नसो, फारसा फरक पडत नाही. पाण्याच्या कुठल्याही पृष्ठभागावर सतत दोन्हीकडून रहदारी चालू असते. काही रेणू पाण्यातून सुटून वर जातात, काही वरून येऊन पाण्यात शिरतात. पृष्ठभाग गरम असला की सुटणारे जास्त. तो गार झाला की सुटणारे झपाट्याने घटतात, पण येणाऱ्यांची संख्या मात्र समोरच्या दमट हवेवर ठरते आणि ती तेवढीच राहते. ज्या तापमानाला येणारे आणि जाणारे बरोबरीत येतात ते दवबिंदू तापमान. पृष्ठभाग त्याच्याखाली गेला की येणारे जास्त होतात आणि पाणी साठू लागतं. चष्म्यावर हेच होतं, फ्रिजमधून काढलेल्या बाटलीवर हेच होतं आणि डॅशबोर्डमागे दडलेल्या त्या कॉइलवरही.

कॉइल म्हणजे चपट्या नळ्या आणि त्यांच्यामध्ये अॅल्युमिनियमचे पातळ पंख, एकमेकांपासून मिलिमीटर-दोन मिलिमीटरवर. आतला दाब असा राखलेला असतो की रेफ्रिजरंट शून्य अंशाच्या थोडाच वर उकळत राहावा. आर-134एच्या बाबतीत शून्य अंशाला हा दाब वातावरणाच्या सुमारे 2.9 पट असतो. कॉइल शून्याच्या खाली जाता कामा नये, नाहीतर पाण्याऐवजी बर्फ धरेल. त्याकडे मी पुढे येतो.

आता ठाण्याची जूनमधली हवा घ्या. 32 अंश तापमान, 70 टक्के सापेक्ष आर्द्रता. एका घनमीटरमध्ये साधारण 24 ग्रॅम बाष्प, दवबिंदू 26 अंशांच्या आसपास. कॉइलवरून ही हवा 8 अंशांची होऊन बाहेर पडली तर तिच्यात जेमतेम 8 ग्रॅम उरतं. बाकीचं कॉइलवर राहतं. समजा ब्लोअर, म्हणजे कॉइलवरून हवा ढकलणारा पंखा, ताशी 200 घनमीटर हवा ओढतोय आणि ती सगळी बाहेरची ताजी हवा आहे. हिशोब केला तर तासाला तीन लिटरांच्या वर पाणी निघतं! तीन लिटर, डॅशबोर्डच्या मागे, दर तासाला.

सोलापूरची मे महिन्यातली दुपार घ्या. 40 अंश, आर्द्रता 20 टक्के. अंग भाजतं, पण एका घनमीटरमध्ये बाष्प 10 ग्रॅमच, दवबिंदू 13 अंशांच्या जवळ. तोच ब्लोअर, तीच कॉइल, आणि तासाला पाणी निघेल अर्ध्या लिटरच्या आसपास, म्हणजे ठाण्याच्या सुमारे सहावा हिस्सा. गाडी बदलली नव्हती, दवबिंदू बदलला होता.

यात ऊर्जेचा हिशोब अजून सुंदर आहे. बाष्पाचं पाणी होताना प्रत्येक ग्रॅममागे सुमारे 2.4 किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. हीच अप्रकट उष्मा, जोसेफ ब्लॅकने 1760च्या दशकात ओळखलेली. ही सगळी उष्णता रेफ्रिजरंटलाच उचलावी लागते. वरच्या ठाण्याच्या उदाहरणात एक किलो कोरडी हवा आणि तिच्यासोबतचं बाष्प धरलं, तर कॉइलला एकूण 61 किलोज्यूलच्या आसपास उष्णता काढावी लागते. त्यातली केवळ 24-25 हवा गार करण्यात जाते. उरलेली 36 च्या वर बाष्पाचं पाणी करण्यात. म्हणजे ताज्या हवेवर चालणारा ठाण्यातला एसी आपली साठ टक्के मेहनत हवेतून पाणी पिळण्यातच घालवतो. म्हणून हवेचं बटण 'आत फिरती'वर ठेवलं की गाडी लवकर गार होते. मग कॉइलला फक्त दारा-फटींतून शिरणारा दमटपणा आणि बसलेल्यांचा श्वास-घाम एवढंच काढायचं उरतं. आणि हे कमी महत्त्वाचं काम समजू नका. विलिस कॅरियरने 1902 साली ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी जी यंत्रणा आखली ती मुळात दमटपणा आवरण्यासाठी होती, कारण ओलाव्याने कागद ताणायचा आणि एकावर एक छापायचे रंग सरकायचे. पाणी काढणं हे एसीचं जन्मापासूनचं काम आहे.

तेव्हा पार्किंगमध्ये वॉचमन हाक मारून सांगतो, "साहेब, गाडीतून पाणी गळतंय," तेव्हा ती चांगली बातमी असते. स्वच्छ, बिनवासाचं पाणी गाडीखाली पडतंय म्हणजे सगळं जागच्या जागी आहे. (हे पाणी डिस्टिल्ड समजून काही जण इन्व्हर्टरच्या बॅटरीत ओततात. ते धूळ आणि बुरशी बसलेल्या धातूच्या पंखांवरून ओघळून आलेलं असतं. बॅटरीत घालू नका, पिऊ तर नकाच.) दमट दिवसात वीस मिनिटं एसी चालूनही गाडीखालची जमीन कोरडी असेल, तर मात्र काळजी करा.

कॉइलवरचं पाणी खालच्या प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये पडतं. ट्रेच्या सर्वांत खोल जागी एक भोक आणि त्याला जोडलेली बोटाएवढ्या जाडीची रबरी नळी. ती इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून बाहेर पडते. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे असल्यामुळे ती बहुतेक गाड्यांत डाव्या बाजूला किंवा मध्याजवळ असते. ही नळी अर्धवट बुजली तर काय होईल? समजा तिच्यातून आता ताशी एकच लिटर जाऊ शकतं. सोलापुरात येणारं पाणी अर्धा लिटर, निमूट निघून गेलं. ठाण्यात तीन लिटर येऊ लागलं आणि दर तासाला दोन लिटर ट्रेमध्ये तुंबू लागलं. ट्रे भरला की पाणी कॉइलभोवतीच्या प्लॅस्टिकच्या डब्याच्या सांध्यांतून किंवा ब्लोअरकडून खाली, कार्पेटवर. सोलापूरला नसलेली गळती ठाण्यात 'अचानक' उपटली ती अशी. घाटाने काही मोडलं नव्हतं.

अर्धा भरलेला ट्रे आणखी एक खूण देतो. उजवीकडे वळताना पाणी डावीकडे सरकतं, ब्रेक मारला की पुढे, गायमुखचा चढ चढताना मागे. डॅशबोर्डमागून चुळुक-चुळुक आवाज येतो आणि नेमकं वळणावर पायावर पाणी पडतं. काकूंना हे दोन्ही जाणवलं होतं, पण गॅरेजमध्ये त्यांना कुणी विचारलंच नाही. निदानाची सुरुवात अशाच प्रश्नांनी व्हायला हवी. पाणी कधी येतं, कुठल्या बाजूला येतं, वळणावर येतं का, एसी बंद असताना येतं का.

पहिली परीक्षा पाण्याचीच. पांढऱ्या टिश्यू पेपरवर टिपा. रंग नाही, वास नाही, बोटाला चिकट नाही, तर ते एसीचं किंवा पावसाचं. हिरवट, गुलाबी किंवा नारिंगी छटा, गोडसर वास, बोटांना बुळबुळीत, आणि काचेवर आतून तेलकट धुकं येतंय, तर तो हीटर कॉइलमधून गळणारा कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारा द्रव. आपण ठाण्यात हीटर कधीच लावत नाही, पण बऱ्याच गाड्यांत कूलंट त्या कॉइलमधून फिरतच असतो. चव घेऊन बघू नका. त्यात बहुधा एथिलीन ग्लायकॉल असतं, ते विषारी आहे आणि गोडीमुळे कुत्री ते चाटतात. अशी गाडी चालवत राहू नये, इंजिन तापेल.

दुसरी परीक्षा पाऊस आणि एसी वेगळे करण्याची. पाऊस नसलेल्या दिवशी एसी लावून अर्धा तास थांबा. दुसऱ्या वेळी एसी बंद ठेवून समोरच्या काचेच्या पायथ्याशी, वायपरच्या जाळीवर, हळूहळू दोन-तीन मग पाणी ओता. एसी बंद असताना आत ओल आली तर दोष जाळीखालच्या तुंबलेल्या पन्हाळीत, सनरूफच्या नळ्यांत किंवा दाराच्या आतल्या फाटलेल्या प्लॅस्टिकमध्ये शोधा. झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाड्यांत ही पन्हाळ पानांनी भरलेली असते.

आणि आता बर्फ. गॅस कमी झाला की कॉइलमधला दाब घसरतो, उकळण्याचं तापमान शून्याखाली जातं आणि पंखांवर बर्फ धरतो. एसीचा फिल्टर धुळीने गच्च झाला, हवा कमी वाहू लागली, तरी हेच होतं. कॉइलचं तापमान मोजणारा सेन्सर बिघडला, कॉम्प्रेसर वेळेवर थांबला नाही, तरीही हेच. खूण अशी की पहिली वीस-पंचवीस मिनिटं छान गारवा, मग हवेचा झोत मंदावतो, आणि गाडी थांबवल्यावर एकदम भसाभस पाणी. इथे नळी साफ करून काही होणार नाही. फिल्टर बघायचा, मग दाब मोजायचा. मात्र दाब न मोजता 'दरवर्षी गॅस बदला' म्हणणाऱ्याचं ऐकू नका. तो बंद फेऱ्यात फिरतो, पेट्रोलसारखा जळत नाही. होजमधून, सीलमधून वर्षानुवर्षांत थोडा झिरपतो, एवढंच.

काकांच्या गाडीत यातलं काही नव्हतं. आम्ही गाडीचं पुढचं डावं चाक उंचवट्यावर घेतलं, हँडब्रेक लावला, चाकांना विटा लावल्या, आणि इंजिन पूर्ण गार झाल्यावर खालून ती नळी शोधली. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही शिरू नये, हे इथेच सांगतो. नळीच्या तोंडाशी वाळलेला चिखल होता. कुंभारमाशीने घर बांधायला घेतलं होतं आणि अर्ध्यावर सोडलं होतं. मऊ नायलॉनची तार हलक्या हाताने फिरवली, ढेकूळ निघालं आणि मागोमाग काळपट पाण्याची धार लागली. दाबाची हवा मारण्याचा मोह होतो, तो टाळावा. नळी आतल्या बाजूने निसटली तर खरंच डॅश खोलावा लागतो.

उरलं भिजलेलं कार्पेट. वरून ते दोन दिवसांत सुकलेलं दिसतं, पण त्याखालचा जाड फेल्ट आठवडाभर पाणी धरून ठेवतो. मग कुबट वास येतो, पत्रा गंजतो, तिथून जाणाऱ्या वायरिंगचे कनेक्टर खराब होतात. जूनमध्ये सुकवायचं कसं? बाहेरच्या हवेचाच दवबिंदू 26, ती ओल कशी शोषणार? काकांना मी तोच एसी लावायला सांगितला. पाऊस उघडला तशी गाडी मोकळ्यावर काढली, इंजिन सुरू करून काचा बंद केल्या, हवा 'आत फिरती', एसी चालू आणि तापमानाचा नॉब मात्र गरमवर. गरम हवा फेल्टमधलं पाणी उचलते, कॉइल ते बाष्प पकडून पुन्हा पाणी करते आणि मोकळी झालेली नळी ते खाली सोडते. नळीखाली आम्ही डबा ठेवला. अर्ध्या तासाने त्यात पाव लिटर पाणी जमलं होतं.