मायनर लीगमध्ये ठेवून पिचरचा हात वाचत नाही

दुखापतीची भीती असलेल्या तरुण पिचरला (चेंडू टाकणाऱ्या खेळाडूला) मायनर लीगमध्ये, म्हणजे मुख्य मेजर लीगच्या खालच्या स्तरावर, जास्त दिवस ठेवलं की त्याचा हात सुरक्षित राहतो, हा बेसबॉलमधला जुना समज. दाखल्याला स्टीफन स्ट्रासबर्ग असतोच. जून २०१० मध्ये मेजर लीगच्या वॉशिंग्टन नॅशनल्स संघाकडून पदार्पण, पहिल्याच सामन्यात १४ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले फलंदाज) आणि सप्टेंबरमध्ये कोपरावर टॉमी जॉन शस्त्रक्रिया, म्हणजे फाटलेलं लिगामेंट (हाडं जोडणारा अस्थिबंध) बदलण्याची. घाई नडली, असं लोक अजून म्हणतात.

पण कोपरातलं लिगामेंट प्रत्येक जोरकस चेंडूला ताणलं जातं, समोरचा फलंदाज कुठल्याही लीगचा असो. त्याच २०१० मध्ये स्ट्रासबर्गने मायनरमध्येही ५५ इनिंग (तीन फलंदाज बाद होईपर्यंतचा डाव म्हणजे एक इनिंग) टाकल्या होत्या. त्यांचा ताण काही कमी नव्हता. २०१२ मध्ये तर क्लबने त्याला १५९ इनिंगनंतर, प्लेऑफ तोंडावर असताना बसवलं. तो २०१९ च्या वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे मेजर लीगच्या अंतिम मालिकेचा, सर्वोत्तम खेळाडू ठरला हे खरं, पण एवढं जपूनही दुखापतींनी त्याची पाठ सोडली नाही.

तयारी पाहायची ती वेगळ्याच गोष्टींत: वेगवान चेंडूखेरीज दुसरा भरवशाचा चेंडू आहे का, दमल्यावरही नियंत्रण टिकतं का, पुढच्या सामन्यापर्यंत हात सावरतो का. हे जमत असेल, तर त्याचे चांगले चेंडू मायनर लीगमध्ये खर्ची घालणं मला त्या मुलावर अन्यायच वाटतो.